घेटुळीचा अर्क आणि जेंटामायसिन

प्रश्न : जेंटामायसिन (मूत्रपिंडाला इजा करू शकणारं प्रतिजैविक) दिलेल्या विस्टार जातीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांवर घेटुळीच्या (पुनर्नवा) मुळांचा अर्क तपासते आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) उतरतं, पण मूत्रपिंडातल्या एमडीएचे (पेशींतल्या चरबीच्या ऑक्सिडीकरणातून बनणाऱ्या रसायनाचे) आकडे एकाच गटात दुपटीने वरखाली होतात. – एम.फार्म. विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : आधी मूत्रपिंड कसं काढता ते पाहा. जेंटामायसिन मूत्रनलिकांच्या पेशींत साठतं आणि लोहाच्या साथीने मुक्त मूलकं (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) तयार करतं. ऊतकात रक्त राहिलं, तर हिमोग्लोबिनमधलं लोह हेच काम तुमच्या नळीत करत राहतं. म्हणून रक्तवाहिन्यांतून बर्फगार सलाइन सोडून मूत्रपिंड फिकट पडेपर्यंत रक्त धुऊन काढा. 10 टक्के होमोजिनेट (ऊतक वाटून केलेलं मिश्रण) 7.4 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये, बर्फावरच करा. टीबीएबरोबर (एमडीए मोजायला वापरतात ते आम्ल) उकळण्याआधी बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) घालायलाच हवं, नाहीतर उकळतानाच नवं एमडीए बनतं. जीएसएच (ग्लुटाथिओन, पेशींतलं संरक्षक रसायन) लवकर उडतं, ते त्याच दिवशी मोजा.

डोसही तपासा. जेंटामायसिन प्रति किलो 80 मि.ग्रॅ. धरल्यास 200 ग्रॅमच्या उंदराला 16 मि.ग्रॅ., म्हणजे 40 मि.ग्रॅ./मि.लि.च्या व्हायलमधून 0.4 मि.लि. आठ दिवसांत उंदीर वाळतात. पहिल्या दिवसाचं वजन धरून चाललात तर शेवटी डोस जास्त जातो. रोज वजन करा. नुसता अर्क दिलेला गटही ठेवा.

आणि मुळं बाजारातून आणली असतील तर थांबा. घेटुळी म्हणून विषखापरा सर्रास विकला जातो. घेटुळीचं फळ पाच कंगोऱ्यांचं, बोटाला चिकटणारं. विषखापऱ्याच्या बोंडात काळ्या बिया असतात. फळासकट झाड वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.

प्रश्न : वडिलांना जेंटामायसिनची इंजेक्शनं चालू आहेत. घेटुळीचा काढा द्यावा का? लघवी नीट होते. – निपाणी

उत्तर : देऊ नका. उंदरांना अर्काचा 200 मि.ग्रॅ. प्रति किलो डोस दिला असं धरलं, तर तो माणसाला लावताना साधारण 6.2 ने भागतात. 60 किलोच्या माणसाला ते जवळपास 2 ग्रॅम सुका अर्क होतं. घरच्या काढ्यात किती उतरतो, हे मोजायची सोय नाही. शिवाय काढा मूत्रल (लघवी वाढवणारा) आहे. अंगातलं पाणी कमी झालं की जेंटामायसिनचा मूत्रपिंडाला होणारा त्रास वाढतो. लघवी नीट होते यावरही विसंबू नका, कारण या त्रासात लघवी भरपूर होत असतानाही क्रिएटिनिन चढतं, बहुतेकदा पाच-सात दिवसांनंतर. डॉक्टरांना रक्ततपासणीचं आजच विचारा. कानात आवाज येत असेल किंवा तोल जात असेल, तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी त्यांना सांगा.