ऑइलवर अडीच हजारांची बचत, साठ हजारांचा हप्ता

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. गेल्या वर्षीही त्यांनी लिहिलं होतं. या पत्रातला मुख्य भाग असा: "वय ४१. माझी २०१७ची होंडा सिटी पेट्रोल ऑटोमॅटिक आहे. ९५ हजार किलोमीटर झालेत, गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. कंपनीचं ऑइल चार लिटर सहा हजारांना पडतं. गॅरेजवाला म्हणतो, सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांना चालणारं एटीएफ ऑइल साडेतीन हजारांत भरून देतो. पुढच्या महिन्यात साडूंनी काढून दिलेल्या पॉलिसीचा साठ हजारांचा हप्ता आहे, म्हणून जपून खर्च करतोय. हप्ता क्रेडिट कार्डावरच भरतो, पॉइंट मिळतात. कार्डावर सध्या एक लाख ऐंशी हजार थकलेत, पण मिनिमम ड्यू कधी चुकवलेला नाही. अडीच लाखांची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. कुठलं ऑइल घेऊ?"

ऑइलचं आधी उरकतो. सहा हजारांचं घ्या. तुमच्या गाडीत सीव्हीटी आहे, म्हणजे दोन पुली आणि त्यांच्यावर फिरणारा पोलादी पट्टा. त्या पट्ट्याची पकड ऑइलवर अवलंबून असते आणि त्यासाठी होंडाने एचसीएफ-२ हे खास ऑइल ठरवून दिलंय. एटीएफ बनतं टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी, त्यातल्या क्लच प्लेटांचा हिशेब ठेवून. ते तुमच्या गाडीत ओतलं तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात, आणि मग बिल लाखाच्या घरात जातं. 'ऑटोमॅटिक' हे एकाच गिअरबॉक्सचं नाव नाही. एएमटी, डीसीटी, सीव्हीटी, प्रत्येकाचं पोट वेगळं. सगळ्यांना चालणारं औषध विकणाऱ्यापासून गॅरेजात जेवढं लांब राहावं, तेवढंच विम्यातही.

आता तुम्ही न विचारलेलं.

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. स्टेटमेंटवर बघा, बहुतेक तेवढंच असेल. एक लाख ऐंशी हजारांवर ६,३०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,४०० च्या आसपास. मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, ५ टक्के धरली तर ९,०००. त्यातले मुद्दलात जातात जेमतेम १,६००. तुम्ही ऑइलवर जे अडीच हजार वाचवायला निघालात, ते तुमचं कार्ड दहा दिवसांत खातं. मिनिमम ड्यू वेळेवर भरण्यात शिस्त आहे असं वाटत असेल, तर ती बँकेच्या सोयीची शिस्त आहे.

बाकी थकलेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. म्हणजे पुढच्या महिन्यात साठ हजार कार्डावर टाकलेत की त्याच दिवसापासून मीटर सुरू. एका महिन्याचं व्याज, जीएसटीसकट, जवळपास अडीच हजार. पुन्हा तोच आकडा! पॉइंट किती मिळतील? काही शे रुपयांचे.

आणि हे सगळं कशासाठी? पॉलिसीचा कागद तुम्ही सोबत जोडलाय: वीस वर्षं साठ हजार, शेवटी अंदाजे वीस लाख. बारा लाख भरून वीस लाख, ऐकायला छान. वर्षाला साडेचार-पावणेपाच टक्के पडतात. वर विमा सहा लाखांचा, म्हणजे तुमच्या घराचा वर्षभराचा खर्च. साडूंनी 'एफडीपेक्षा भारी' म्हटलं होतं असं लिहिलंय. साडूंना पहिल्या वर्षी मिळालेलं कमिशन मात्र खरंच एफडीपेक्षा भारी होतं. बेचाळीस टक्क्यांनी उधार घेऊन पावणेपाच टक्क्यांत गुंतवणं, हा व्यवहार कुठला सावकारही कुणाला सुचवणार नाही.

एफडी मोडा. या आठवड्यात. दंड म्हणून एखादा टक्का जाईल, जाऊ द्या. सात टक्क्यांनी ती वर्षाला साडेसतरा हजार देते, तेही करपात्र. कार्ड ८९ हजारांच्या आसपास घेतं. 'अडीनडीला असू दे' म्हणून तुम्ही ती ठेवलीत, पण तुमची अडचण कार्डावर आधीच बसलेली आहे. कार्ड पूर्ण फेडा. सत्तरएक हजार उरतील, त्यातून ऑइल बदला आणि महिन्याचे ते नऊ हजार पुन्हा साठवायला लागा. 'इन्क्रिमेंट झालं की फेडतो' हे तुम्ही गेल्या वर्षीच्या पत्रातही लिहिलं होतं.

हप्ता पुढच्या महिन्यात लगेच भरू नका. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. तेवढ्यात एक कोटीच्या टर्म विम्याचा, म्हणजे बचत नसलेल्या निव्वळ आयुर्विम्याचा अर्ज करा. तुमच्या वयाला वर्षाला वीस ते तीस हजारांत बसावा. तो हातात पडल्यावरच जुन्या पॉलिसीचं बघा. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे मागितले तर किती, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच चालू ठेवली तर शेवटी किती. चार हप्ते, दोन लाख चाळीस हजार भरलेत. सरेंडरला निम्म्याच्या आसपास मिळतील असं धरून चला. राग येईल. तरी उरलेले सोळा हप्ते भरण्यापेक्षा तो राग स्वस्त आहे. आकडे आले की पाठवा, मग ठरवू.

साडूंना काय सांगायचं ते बायकोला विचारा.

आणि गॅरेजमध्ये जुनं ऑइल सोडायच्या आधी नवा डबा स्वतः हातात घ्या. सील शाबूत आहे का आणि त्यावर एचसीएफ-२ लिहिलंय का, बघा.