गॅरेजचं दार अर्ध्यातून परत वर जातं तेव्हा

एप्रिलमध्ये पुण्याहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येताय, टाउनहाउस भाड्याने जवळपास ठरलंय, आणि घरमालकाने जाता जाता कळवलंय की गॅरेजचं दार ‘कधी कधी अर्ध्यातून परत वर जातं, दोनदा बटण दाबलं की बंद होतं’. तर हे घर घ्यावं का, आणि दुरुस्तीची हत्यारं पुण्याहून आणावीत का, असं तुम्ही विचारलंय. घर घ्या. हत्यारं आणू नका. ड्रिल तर मुळीच नको, इथे वीज १२० व्होल्टची, आपलं २३० चं यंत्र नुसतं शोभेला राहील.

पण प्रश्न क्षुल्लक नाही. इकडच्या उपनगरांत गॅरेज हेच खरं घराचं दार. पुढचा दरवाजा पाहुण्यांचा आणि पार्सलवाल्याचा. आपण गाडीतून उतरतो ते थेट स्वयंपाकघराच्या पॅसेजमध्ये. ते दार अडलं की गाडी आत, ऑफिस बाहेर. आणि पुण्यात शटरवाल्याला फोन केला की तासाभरात पोरगा सायकलवर येतो, तसं इथे नाही. माणूस येऊन नुसतं बघण्याचेही पैसे घेतो.

तुमच्या दाराबद्दल मला एकच गोष्ट हवी आहे : ते परत कधी फिरतं? जमिनीला टेकायच्या आधी, की टेकल्यावर? घरमालकाला एवढं विचारा, निम्मं निदान तिथेच होतं.

टेकायच्या आधी फिरत असेल आणि छताला लटकलेल्या, दार चालवणाऱ्या यंत्रावरचा दिवा लुकलुकत असेल तर दहापैकी नऊ वेळा सेन्सर. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, काडेपेटीएवढ्या दोन डोळ्या असतात. एक अदृश्य किरण सोडते, दुसरी झेलते. मध्ये मूल, मांजर, काहीही आलं की दार उलटं फिरतं. १९९३ पासून बनलेल्या घरगुती यंत्रांना अमेरिकेत अशी सोय कायद्यानेच सक्तीची आहे, कारण त्याआधी दाराखाली सापडून मुलं गेली होती. डोळ्यांवर बारीक दिवे असतात. ते स्थिर जळायला हवेत. एखादा फडफडत किंवा विझलेला असेल तर डोळ्या एकमेकींकडे सरळ बघत नाहीत. कुणाचा तरी फावडा किंवा कचऱ्याचा डबा लागून डोळीला धरणारा ब्रॅकेट वाकतो. हाताने हलकेच सरळ करायचा, काच फडक्याने पुसायची. कोळ्याचं जाळंसुद्धा पुरतं. खात्री करायची तर भिंतीवरचं बटण दार बंद होईपर्यंत दाबून धरा. तेव्हा बंद झालं, तर दोष सेन्सरचाच. मात्र हा उपाय म्हणून रोज वापरू नका, सेन्सर मुलांच्या जिवासाठी आहेत.

नेपरव्हिलशेजारच्या ऑरोरातल्या आमच्या घरी याच रोगाने मला दोन आठवडे छळलं. गॅरेज पश्चिमेकडे तोंड करून. सकाळी दार एकदम शहाणं, संध्याकाळी ऑफिसातून आलो की फूटभर खाली येऊन परत वर. रिमोटची बॅटरी बदलली, डोळ्या तीनदा पुसल्या. शेवटी पैसे भरून माणूस बोलावला. तो दुपारी दोनला आला, दार व्यवस्थित चाललं, आणि ‘काही दोष नाही’ म्हणून बिल देऊन गेला. त्या संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन गॅरेजात उकिडवा बसलो तेव्हा दिसलं : मावळतं ऊन नेमकं झेलणाऱ्या डोळीच्या काचेत. उजेडाने ती आंधळी होत होती. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याची नळी कापून टोपीसारखी लावली, दार बंद! नंतर दोन्ही डोळ्यांच्या जागा आपसांत बदलल्या. तुमचं गॅरेज कोणत्या दिशेला आहे तेही विचारून ठेवा.

टेकल्यावर फिरत असेल तर गोष्ट वेगळी. दार कुठवर यायचं आणि किती जोर लावायचा याची मर्यादा यंत्रात ठरवलेली असते. ती चुकली, की यंत्राला फरशीच अडथळा वाटते. शिकागोच्या हिवाळ्यात उंबऱ्यावर बर्फाचा थर साचला तरी हेच होतं. मर्यादा जुळवायची रीत मॉडेलप्रमाणे बदलते, मॉडेल नंबर यंत्रावरच छापलेला असतो. जुळवल्यावर दाराखाली दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून बंद करून बघा. फळीला टेकून उलटं फिरलं नाही, तर ते दार वापरायचं नाही.

भिंतीचं बटण चालतं पण रिमोट नाही, असं झालं तर आधी बॅटरी, मग भिंतीवरच्या पॅनेलचं ‘लॉक’ बटण चुकून दाबलंय का ते बघा. काही स्वस्त एलईडी बल्बही रेडिओ लहरींत गोंधळ घालतात, तेव्हा यंत्रातला बल्ब काढून पाहणं हा फुकटचा प्रयोग. मोटर गुरगुरते पण दार हलत नाही, तर बहुधा आतलं प्लॅस्टिकचं चाक झिजलंय.

आता ज्याला हात लावायचा नाही ते. दाराचं वजन मोटर उचलतच नाही. ते उचलते दारावरच्या दांड्याला गुंडाळलेली जाड स्प्रिंग. आपल्याकडच्या दुकानाच्या शटरचीच गंमत, फक्त तिथे ती डब्यात लपलेली. साधारण दहा हजार वेळा उघडझाप हे तिचं आयुष्य. रोज चार-पाच वेळा वापर असेल तर हिशेब तुम्हीच करा. ती तुटते तेव्हा सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज होतो. आमची फुटली जानेवारीत, सकाळी पावणेसातला. बायकोला वाटलं छत कोसळलं. वर बघितलं तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत दोन बोटांची फट. अशी फट दिसली की बटण दाबू नका, आणि यंत्राला लटकणारी लाल दोरीही ओढू नका. त्या दोरीने दार मोटरपासून सुटतं, आणि ते वर असेल तर अख्खं वजन खाली येतं. वीज गेल्यावर ती ओढायची, पण दार बंद असताना. स्प्रिंग, तिच्या तारा आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातले ब्रॅकेट हे फक्त माहीतगार मिस्त्रीचं काम. मी स्वतः घरात सगळं खोलतो, पण याला नाही.

हिवाळ्यात सकाळी दार उघडत नसेल तर खालचं रबर फरशीला गोठलेलं असतं. सारखं बटण दाबून मोटर जाळू नका. गरम पाणी ओतू नका, ते तिथेच गोठतं. हेअर ड्रायर किंवा प्लॅस्टिकची खरवडणी पुरते. आणि दार उघडेपर्यंत गाडी सुरू करून ठेवू नका, बंद गॅरेजात तो धूर जीव घेतो.

भाडेकरारात दाराचा हा दोष आणि दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, एवढं लिहून घ्या. ‘दोनदा बटण दाबलं की होतं’ हे त्याने ईमेलमध्ये लिहिलंय ना? तो ईमेल जपून ठेवा. आणि पुढच्या दरवाज्याची किल्ली मागून घ्या. आम्ही वर्षभर मागितली नव्हती.