उडत्या पक्ष्यांचे फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर येतायत? आधी फोकस मोड बघ
अरे लेन्स बदलायची घाई नको करूस, आधी मोड बघ. निकॉन, सोनीत एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरमध्ये एआय सर्व्हो, म्हणजे बटण अर्धं दाबून ठेवलंस की पक्षी जवळ येईल तसा फोकसही सरकत राहतो. पुण्याजवळच्या कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक बदकं पाण्यावरून उडतात ना, तिथे सगळे फोकस पॉइंट (फ्रेममधल्या ज्या जागांवर कॅमेरा फोकस धरतो त्या) चालू ठेवलेस तर कॅमेरा मागचं गवतच पकडतो, मी पहिला अख्खा सीझन असाच घालवला आणि खूप वाईट वाटलं. बसलेल्या पक्ष्याला एकच पॉइंट, थेट डोळ्यावर. उडणाऱ्याला मधल्या पॉइंट्सचा छोटा ग्रुप, आणि पक्षी लांब असतानाच फोकसमध्ये धरायचा, डोक्यावर आल्यावर नाही. शटर स्पीड १/२००० सेकंद ठेव. आधी नदीकाठच्या बगळ्यांवर हात बसव, ते सावकाश उडतात.