मूल्यमापन की मूल्यांकन?

प्रश्न असा आहे : गावाच्या नळपाणी योजनेवर अहवाल लिहायचा आहे. मसुद्यात कुठे ‘योजनेचे मूल्यमापन’ तर कुठे ‘योजनेचे मूल्यांकन’ असे आले आहे. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि एकच शब्द ठेवायचा तर कोणता?

अर्थ एकच नाही, आणि तुमच्या अहवालाला बहुधा दोन्ही शब्द लागतील.

दोन्हींत ‘मूल्य’ समान आहे, फरक पुढच्या पदात आहे. मापन म्हणजे मोजणे, माप लावणे. माप, मान, प्रमाण, परिमाण ही सगळी ‘मा’ धातूची मंडळी. अंकन म्हणजे खूण करणे, चिन्ह उमटवणे. अंक म्हणजे मुळात खूणच. म्हणून मापनाने क्रिया डोळ्यांसमोर येते, तर अंकनाने त्या क्रियेअखेर उमटलेली खूण. जमिनीच्या व्यवहारातली ‘भूमापन’ आणि ‘सीमांकन’ ही जोडी पाहा. भूकरमापक येऊन जमीन मोजतो ते भूमापन. मोजणीप्रमाणे हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात ते सीमांकन. या दोन शब्दांची अदलाबदल कोणी करत नाही. मूल्याच्या बाबतीत मात्र ती सर्रास होते.

मूल्यमापन म्हणजे निकष लावून एखाद्या गोष्टीची गुणवत्ता, उपयुक्तता, यशापयश ठरवणे. मूल्यांकन म्हणजे तिच्या मूल्याचा आकडा किंवा श्रेणी निश्चित करणे. ओळखायची सोपी खूण वाक्यरचनेत सापडते. ‘कंपनीचे मूल्यांकन चाळीस कोटी झाले’ हे मराठी वाक्य आहे, ‘कंपनीचे मूल्यमापन चाळीस कोटी झाले’ हे नाही. मूल्यमापन आकड्याला विधेय म्हणून घेत नाही. ते काटेकोर असते, वरवरचे असते, एकांगी असते. ‘किती झाले?’ असे विचारता आले तर मूल्यांकन. ‘कसे केले, कोणत्या निकषांवर?’ हाच प्रश्न सुचला तर मूल्यमापन.

सोनेतारणाचे उदाहरण घेऊ. बांगडी 20 ग्रॅमची आहे, तीत 2 ग्रॅमचे खडे आहेत. खडे वजा जाता उरले 18 ग्रॅम. सोने 22 कॅरेटचे, म्हणजे 91.6 टक्के शुद्ध; तेव्हा शुद्ध सोने साधारण 16.49 ग्रॅम. त्याला त्या दिवसाचा भाव लावून जी रक्कम कागदावर येते ते मूल्यांकन. घडणावळ त्यात धरत नाहीत. बांगडीची घडण सुबक आहे का, जोड नीट बसले आहेत का, जडावकाम कोणत्या प्रतीचे आहे, हे एखादा जाणकार कारागीर सांगेल तेव्हा ते त्या कामाचे मूल्यमापन. तारण ठेवून घेणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नसते.

शाळेतला वापर जास्त शिकवणारा आहे. महाराष्ट्रात 2010 साली पहिली ते आठवीसाठी जी पद्धत आली तिचे नाव ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’, आणि ते नाव अगदी योग्य होते. तिचे आकारिक (शिकणे चालू असताना वर्षभर होणारे) व संकलित (सत्राअखेर होणारे) असे दोन भाग होते. पहिली-दुसरीला आकारिक 70 आणि संकलित 30, तर सातवी-आठवीला हेच प्रमाण 40 आणि 60 असे. आकारिकात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने होती. शिवाय शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. ‘ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो’ ही नोंद आकड्यात मावत नाही, तरी तीच मूल्यमापनाचा गाभा आहे. शेवटी 91 ते 100 गुणांना ‘अ-1’ श्रेणी मिळे. तेवढी एक पायरी अंकनाची.

उलट दहावी-बारावीच्या निकालानंतर अर्ज करतात तो ‘पुनर्मूल्यांकना’साठी, आणि इथे हाच शब्द बरोबर आहे. गुणपडताळणीत बेरीज चुकली आहे का, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच पाहतात. पुनर्मूल्यांकनात उत्तरपत्रिका पुन्हा तपासून गुण नव्याने ठरवतात. विद्यार्थ्याला हवा असतो तो आकडा. आपले उत्तर कसे होते यावरचा अभिप्राय त्याने मागितलेलाच नसतो.

साहित्यसमीक्षेत आस्वाद, विश्लेषण आणि मूल्यमापन हा क्रम रूढ आहे. कादंबरीचे ‘मूल्यांकन’ लिहिले की तिला तारे देऊन टाकल्यासारखे वाटते. तिथे तो शब्द टाळावा.

गोंधळ मुख्यतः हिंदीतून येतो. हिंदीत ‘मूल्यांकन’ दोन्ही अर्थांनी चालते. केंद्राच्या योजनांचे नमुने हिंदीवरून मराठीत उतरवताना तो शब्द तसाच राहतो. मराठीत मात्र दोन वेगळे शब्द आधीच हाताशी आहेत. ते एकात कोंबले तर वाचकाला संदर्भावरून अर्थ काढत बसावे लागते, आणि सरकारी अहवालात ते परवडत नाही. ‘शाळेचे मूल्यांकन पूर्ण’ असा मथळा आला तर इमारतीची किंमत ठरली की शिकवण्याचा दर्जा तपासला?

शेजारचे दोन शब्दही सांभाळा. घरपट्टीसारख्या कराच्या संदर्भात ‘आकारणी’ लिहावे. शासकीय कामात मिळकतीची किंमत ठरवण्याला ‘मूल्यनिर्धारण’ हा शब्द रुळलेला आहे. राज्याच्या नगररचना विभागाच्या नावातच तो आहे.

आता तुमचा अहवाल. पाणी रोज किती वेळ येते, टाकीपासून शेवटच्या घरापर्यंत दाब टिकतो का, पाणीपट्टीची वसुली वीजबिलाला पुरते का, शुद्धीकरण नियमित होते का, या प्रकरणाला ‘योजनेचे मूल्यमापन’ म्हणा. पंपघराची जागा, जलवाहिन्या, पंप यांची आजची किंमत घसारा वजा करून काढली असेल, तर त्या तक्त्यावर ‘मालमत्तेचे मूल्यांकन’ लिहा. त्याच तक्त्यासाठी ‘मूल्यांकित रक्कम’ असे विशेषण चालेल. ‘मूल्यमापित’ मात्र कोणी वापरत नाही, तिथे ‘मूल्यमापन केलेली कामे’ असे सरळ लिहावे. आणि दोन्ही शब्दांत ‘मू’ दीर्घ आहे. मसुद्यात तीन ठिकाणी ऱ्हस्व पडला आहे, तो दुरुस्त करा.