गुंदेशापूरमधलं 'पूर' आणि आपल्या कोल्हापूरचं 'पूर' एकच का?

प्रश्न असा होता की इराणमधल्या जुन्या विद्याकेंद्राचं नाव गुंदेशापूर (कुठे कुठे जुंदीशापूर) असं वाचलं, तर हे 'पूर' म्हणजे आपलंच सोलापूर-कोल्हापूरवालं का, आणि मराठीत नक्की लिहायचं कसं.

तर आधी उत्तर: नाही, हे 'पूर' म्हणजे गाव नाहीच, ते आहे 'पुत्र'. शापूर = शाह + पूर, म्हणजे राजाचा मुलगा, राजपुत्र. आपल्या पारशी लोकांतलं शापूरजी हे नाव तेच. गंमत बघा, ठाणे जिल्ह्यातलं शहापूर ऐकायला जवळजवळ तसंच, पण तिथे पूर म्हणजे खरोखर गाव. तिकडे शापूर हा माणूस, इकडे शहापूर हे ठिकाण.

आता पुत्रचं पूर कसं झालं हे मला फार आवडतं, कारण त्याचे साक्षीदार आपण मराठीत रोज वापरतो. जुन्या इराणी भाषांत आपल्या 'त्र'च्या जागी 'थ्र' होता आणि पुढे त्याचा 'ह्र' झाला. मित्र - मिथ्र - मिह्र, तोच आपल्या मेहेरबानमधला मेहेर. क्षत्र - ख्शथ्र - शह्र, म्हणजे आपलं शहर! आधी अर्थ राज्य, मग नगर. तसंच पुत्र - पुथ्र - पुह्र - पूर. एकच नियम, तीन शब्द, आणि तिन्हींचे संस्कृत भाऊबंद आपल्याकडे आधीपासून होतेच, म्हणजे एकाच घरातली माणसं दोन वेगवेगळ्या दारांनी मराठीत आली.

हा शापूर म्हणजे ससानी (इस्लामच्या आधीचं इराणी राजघराणं) राजा पहिला शापूर, ज्याने इ.स. २६०मध्ये रोमन सम्राट व्हॅलेरियनला जिवंत पकडलं. अँटिओक या रोमन साम्राज्यातल्या मोठ्या शहरातून धरून आणलेल्या लोकांना त्याने नैऋत्य इराणमधल्या खुझिस्तानात, आजच्या देझफूलजवळ वसवलं आणि त्या शहराचं नाव ठेवलं वेह-अंदियोक-शापूर, म्हणजे 'अँटिओकपेक्षा सरस, शापूरचं'. यातलं 'वेह' म्हणजे चांगलं, पुढे त्याचं 'बेह' झालं आणि त्यालाच 'तर' लागून बेहतर. काहींच्या मते गुंदेशापूर हे या लांबलचक नावाचंच घासून झालेलं रूप, तर काही जण 'गुंद' म्हणजे सैन्य, शापूरची छावणी असं फोडतात. मला पहिलं जास्त पटतं, कारण एवढं मोठं नाव लोकांच्या तोंडी टिकणं अवघडच.

गुंदेशापूर म्हणजे 'जगातलं पहिलं विद्यापीठ' वगैरे जे फिरतं ते जरा जपून घ्या. ठोस पुरावा आहे तो मुख्यतः तिथल्या सिरियाक (तिकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) बोलणाऱ्या ख्रिस्ती वैद्यांचा. ७६५मध्ये खलिफा अल-मन्सूर आजारी पडला तेव्हा त्याने इथूनच जुर्जीस इब्न बुख्तीशू याला बगदादला बोलावलं, आणि मग त्या घराण्याचे लोक पिढ्यान् पिढ्या खलिफांचे वैद्य राहिले. बुख्तीशू या नावातही दोन भाषा आहेत, बुख्त हे इराणी आणि ईशू हे सिरियाक, अर्थ 'येशूने तारलेला'. माझ्या मते त्या शहराचं सगळं जगणं या एका नावात आलंय. आणि अरबीत हॉस्पिटलला शब्द रुजला तो बिमारिस्तान, बिमार + स्तान (आपलं स्थान), अख्खा फारसी! पुढे दमास्कस, कैरोपर्यंत हाच शब्द गेला.

राहिलं 'जुंदीशापूर' कुठून आलं. अरबीत प नाही, ग पण नाही, म्हणून अरब म्हणायचे जुंदैसाबूर. गुंदेशापूरचाच एक वैद्य, ज्याचा औषधं बनवायचा ग्रंथ पुढे बऱ्याच ठिकाणी वापरला गेला, तो साबूर इब्न सह्ल (मृत्यू ८६९), म्हणजे तोही शापूरच, फक्त अरबी तोंडातून आलेला. इराणमध्ये आजही जुंदीशापूर हेच रूप जास्त चालतं, अहवाझच्या मेडिकल युनिव्हर्सिटीचं नावही तेच आहे, त्यामुळे आजच्या संस्थेबद्दल लिहिताना जुंदीशापूर लिहा. पण जुन्या शहराबद्दल लिहायचं असेल तर मी गुंदेशापूरच लिहीन, मराठीत ग आणि प दोन्ही असताना अरबीची अडचण आपण कशाला अंगावर घ्यायची. आणि हो, 'गुंदेशा-पूर' असं मधेच तोडू नका, गुंदे-शापूर.