अभयारण्यातून हॅम रेडिओ चालवायला नवशिक्याने सुरुवात कशी करावी?

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचा, परवाना हाती असल्यास २० मीटर तरंगलांबीचा पट्टा, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग, सोयीचा ठरतो; सुमारे १० मीटर लांबीची अर्ध-तरंग (तरंगलांबीच्या निम्मी) तार मासेमारीच्या फायबरच्या काठीवरून तिरपी सोडली की अँटेना तयार होतो आणि झाडांना हातही लावावा लागत नाही. संरक्षित निसर्गक्षेत्रांतून हॅम रेडिओ चालवण्याच्या 'पार्क्स ऑन द एअर' उपक्रमात ती फेरी ग्राह्य धरायला एका यूटीसी (जागतिक प्रमाणवेळेच्या) दिवसात इतर हॅमशी १० संपर्क पुरतात, तशाच 'वर्ल्ड वाइड फ्लोरा अँड फॉना' उपक्रमात मात्र ४४ लागतात, म्हणून पहिला पर्याय बरा. हा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो, हे नोंदवहीत वेळ लिहिताना हमखास विसरले जाते. वन विभागाची लेखी परवानगी जवळ ठेवावी. तार आणि बॅटरी पाहून वनरक्षक चौकशी करणारच.