धावण्याचा दम आणि धावण्याची गोडी
(वाचकांचे प्रश्न)

धावणे आणि एकूणच हृदय-फुप्फुसांना बळ देणारा व्यायाम, ज्याला आता सर्रास ‘कार्डिओ’ म्हटले जाते, या विषयावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकसारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. दर काही महिन्यांनी मी मोठ्या उत्साहाने धावायला सुरुवात करतो. पण पाच मिनिटांतच धाप लागते, बरगडीखाली कळ येते आणि आठवड्याभरात सगळे बंद पडते. शाळेतही मी धावण्यात मागेच असे. काही माणसांचा पिंडच धावण्याचा नसतो, असे समजायचे का?

उत्तर : तसे समजण्याजोगे आपल्या पत्रात काहीही नाही. आपण आजच्या क्षमतेला न झेपणाऱ्या वेगाने सुरुवात करता, एवढेच त्यातून दिसते. बहुतेकांची धावण्याशी पहिली गाठ शाळेतल्या शर्यतीत पडते, आणि शर्यतीत धावायचे म्हणजे जीव खाऊन धावायचे हे तेव्हाच मनात ठसते. मोठेपणी पुन्हा धावू लागताना पाय आपोआप तोच वेग पकडतात. धाप लागली की आपण दोष धावण्याला किंवा स्वतःला देतो, आणि वेगाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

शरीरात घडते ते असे. संथ गतीने धावताना स्नायूंना लागणारी ऊर्जा प्रामुख्याने ऑक्सिजनच्या साहाय्याने, मेद आणि शर्करा यांच्या ज्वलनातून मिळते, आणि हे काम बराच वेळ विनातक्रार चालू शकते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला, की या मार्गाने मिळणारी ऊर्जा अपुरी पडते, रक्तात लॅक्टेट (शर्करेच्या विघटनातून तयार होणारा पदार्थ) साचू लागते, श्वास एकदम जोरात चालू लागतो आणि पाय जड होतात. सराव नसलेल्या माणसात ही मर्यादा इतकी खाली असते, की साध्या जॉगिंगमध्येही ती ओलांडली जाते. ती वर सरकवण्यासाठी मात्र फार दमण्याची गरज नसते. नियमित आणि सौम्य धावण्याने हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडणारे रक्त वाढते, स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या वाढते.

म्हणून आपण एकच कसोटी लावावी : धावताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येते का? दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करावा. तरीही जमत नसेल, तर चालावे. सुरुवातीला पाच-सात मिनिटे चालून अंग मोकळे झाल्यावर एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असा क्रम वीस मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस ठेवावा, आणि तो अगदी सोपा वाटू लागल्यावरच धावण्याची मिनिटे वाढवावीत. चालण्यात कमीपणा मुळीच नाही. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरची शर्यत धावलेले अमेरिकी धावपटू जेफ गॅलोवे यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून हीच पद्धत असंख्य लोकांना शिकवली, आणि त्यांचा आग्रह असा की चालायला लागायचे ते दमण्याच्या आधी, दमल्यानंतर नव्हे. बरगडीखालची कळ वेग कमी केल्यावर बहुधा येईनाशी होते. भरपेट खाल्ल्यानंतर दोन तास तरी धावू नये, आणि कळ आलीच तर चालत चालत श्वास सावकाश आणि पूर्ण बाहेर सोडावा.

प्रश्न : माझ्या मनगटी घड्याळात हृदयगती सतत लाल पट्ट्यात दिसते, त्यामुळे धावताना माझे सगळे लक्ष त्या आकड्याकडेच असते. ‘२२० वजा वय’ या सूत्राप्रमाणे माझी कमाल हृदयगती १७५ येते. मी रोज धोक्याची पातळी ओलांडत आहे का?

उत्तर : हे सूत्र लोकसमूहाच्या सरासरीचे आहे, एकट्या माणसाची कमाल हृदयगती त्यावरून नेमकी ठरवता येत नाही. एकाच वयाच्या निरोगी माणसांच्या कमाल गतीत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज आढळतो, काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त. आपली खरी कमाल गती १६५ असू शकते किंवा १८८ही असू शकते, आणि त्यानुसार घड्याळातले सगळे रंगीत पट्टे चुकीच्या जागी पडतात. शिवाय मनगटावरचे घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून नाडी मोजते. पट्टा सैल असेल किंवा हात गार पडले असतील तर ते चुकते, आणि कधी कधी नाडीऐवजी पावलांचीच लय मोजू लागते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची हृदयगती तर औषधामुळेच कमी राहते, त्यामुळे त्यांनी अशा सूत्रावर मुळीच विसंबू नये.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली श्रमजाणिवेची मोजपट्टी यापेक्षा अधिक उपयोगी आहे. ती ६ ते २० अशी आहे : ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे याहून अधिक शक्यच नाही. ही विचित्र वाटणारी सुरुवात हेतुपूर्वक ठेवलेली आहे, कारण निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या अंकाची दहापट केली की त्याच्या हृदयगतीचा ढोबळ अंदाज येतो. माणसाला आपल्या श्रमाची जाणीव किती भरवशाने होत असते, हे त्यातून कळते. रोजचे धावणे ११ ते १३ या दरम्यान, म्हणजे ‘हलके’ आणि ‘काहीसे कठीण’ यांच्या मध्ये असावे. माझे स्पष्ट मत असे आहे, की नव्या धावपटूने पहिले दोन-तीन महिने घड्याळ पाहूच नये. श्वास, पावलांचा आवाज, खांद्यांतला ताण यांकडे लक्ष द्यायला एकदा शिकलात, की आकड्याचा उपयोग त्या जाणिवेला पुष्टी देण्यापुरता करता येईल. अर्थात धावण्याबरोबर छातीत दुखत असेल किंवा नाडी अनियमित वाटत असेल, तर घड्याळ काय दाखवते याचा विचार न करता डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : मी वर्षभर रोज तेच अंतर त्याच वेगाने धावते आहे आणि आता मनापासून कंटाळले आहे. ठरावीक अंतर, ठरावीक सेकंद, ठरावीक विश्रांती असा सराव करून पाहिला, पण तो शिक्षेसारखा वाटला. मजेत धावायचे ठरवले तर प्रगती खुंटेल अशीही भीती वाटते.

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नवशिके सोडून देतात ते दमल्यामुळे, तर जुने सोडून देतात ते कंटाळ्यामुळे. रोज एकाच मध्यम वेगाने धावण्याचा दोष असा, की ते सौम्य म्हणावे इतके सौम्य नसते आणि जोमदार म्हणावे इतके जोमदारही नसते. शरीराला विश्रांती मिळत नाही आणि नवे आव्हानही मिळत नाही.

लहान मुले कशी धावतात ते आठवून पाहा. झाड दिसले की तिथपर्यंत सुसाट जायचे, मग रेंगाळायचे, काही दिसले की थांबायचे, पुन्हा पळायचे. मोठ्यांना दमवणारा खेळ ती तासन् तास खेळतात. याच स्वभावाला शिस्तीची जोड देणारी एक पद्धत स्वीडनचे प्रशिक्षक गोस्टा होल्मर यांनी १९३०च्या दशकात विकसित केली. ‘फार्टलेक’, म्हणजे स्वीडिश भाषेत ‘वेगाचा खेळ’, हे तिचे नाव. १९२०च्या दशकात फिनलंडचा पावो नुर्मी आणि त्याचे सहकारी यांच्यापुढे स्वीडिश धावपटू वारंवार हरत होते. तेव्हा होल्मर यांनी आपल्या खेळाडूंना बांधीव धावपट्टीवरून काढून जंगलातल्या मऊ वाटांवर नेले आणि चढ, उतार, वळणे व स्वतःचा उत्साह यांनुसार वेग बदलत धावायला लावले. त्या काळात तयार झालेल्या गुंडर हॅगने १९४२च्या एकाच उन्हाळ्यात दहा जागतिक विक्रम केले, आणि १९४५ साली त्याने एक मैल अंतर ४ मिनिटे १.४ सेकंदांत कापले, तो विक्रम १९५४पर्यंत टिकला. खेळत केलेल्या सरावाने प्रगती खुंटते का, या आपल्या शंकेचे उत्तर यात आहे.

आपण आठवड्यातून एक दिवस हे करून पाहावे. दहा-पंधरा मिनिटे संथ धावून झाल्यावर समोरचे एखादे झाड, खांब किंवा वळण निवडावे आणि तिथपर्यंत जोमाने, पण दात-ओठ न खाता जावे. मग श्वास शांत होईपर्यंत सावकाश धावावे किंवा चालावे. पुढची धाव केव्हा घ्यायची आणि किती लांब घ्यायची, हे घड्याळाने न ठरवता मनाने ठरवावे. लहान चढ भेटला तर तो छोट्या पावलांनी जोरात चढावा. सोबत कुणी असेल तर आळीपाळीने पुढे होऊन खूण ठरवावी. त्याने रंगत फार वाढते. पंधरा-वीस मिनिटे असे झाले की पुरे. आणखी एकदोन धावा सहज घेता आल्या असत्या असे वाटत असतानाच थांबावे, म्हणजे पुढच्या आठवड्यात त्या दिवसाची वाट पाहिली जाते.

बाकीचे दिवस मात्र खरोखर संथ हवेत. तिथे तडजोड नको. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या ८०० मीटरच्या धावपटूलाही पायाभरणीच्या काळात आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावायला लावत, आणि १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांनी, पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हालबर्गने ५००० मीटरचे, अशी दोन सुवर्णपदके एकाच दिवशी तासाभराच्या आत जिंकली. त्यांचे अंतर आपल्यासाठी नाही; वेगाचा मजला चढवण्याआधी दमाचा पाया घालायचा, हा क्रम मात्र आपल्यालाही लागू आहे.

प्रश्न : अनवाणी धावणे अधिक नैसर्गिक असते, हे खरे का?

उत्तर : ज्यांचे पाय लहानपणापासून अनवाणी वावरले आहेत त्यांच्यासाठी ते सहज असेल, जन्मभर बूट वापरलेल्यांनी मात्र एका दिवसात बूट सोडणे घातक ठरते. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात, परंतु हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) यांना कित्येक महिने लागतात. हौस असल्यास मऊ जमिनीवर काही मिनिटे अनवाणी चालण्यापासून आरंभ करावा. बूट निवडताना महागडे तंत्रज्ञान न पाहता ते घालून थोडे धावून पाहावे, आणि पहिल्याच क्षणापासून पायाला सुखाचे वाटतील तेच घ्यावेत.

प्रश्न : माझे वय ६१ आहे. गुडघे ठीक आहेत, पण धावण्याची मला मुळीच आवड नाही. झपझप चालणे, जिने चढणे आणि नाच यांनी हृदयाला पुरेसा व्यायाम होतो का?

उत्तर : होतो, आणि न आवडणारे धावणे केवळ कर्तव्य म्हणून करण्याची आपल्याला काहीच गरज नाही. या विषयातला एक पायाभूत अभ्यास जिन्यांचाच आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा, सतत जिना चढ-उतर करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयरोगाचे प्रमाण कमी होते. ते वाहक धावपटू नव्हते; ते आपले रोजचे काम करत होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. मध्यम श्रमाची खूण अशी, की बोलता येते पण गाता येत नाही. आपला नाच आणि झपझप चालणे या कसोटीला उतरत असतील, तर ते पूर्णपणे जमेस धरावेत. दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे यांची भर घालावी, म्हणजे जिने चढणाऱ्या पायांना बळ येईल. आपल्या वयात पायांकडे न पाहता तोल सांभाळण्याचा सराव करणेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि नाचात तो आपोआप घडतो.

आधीपासून हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर श्रम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जिना चढताना छातीत दाब येणे, वेदना जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणे, भोवळ येणे किंवा नेहमीच्या श्रमातच अचानक जास्त धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी थांबावे आणि विलंब न करता वैद्यकीय मदत घ्यावी.